पंचांचे पाय धुतलेलं घंगाळ

मित्रांनो, माझ्या पोटाला तीन पोचे आहेत आणि काठ एका बाजूला वाकला आहे, म्हणून मला हसू नका. मी एक जुनं, तांब्याचं घंगाळ आहे आणि कुंडलच्या चर्चमध्ये माझा मोठा मान आहे.

साताऱ्यातल्या एका तांबटानं ठोकून ठोकून मला घडवलं. तिथून मी कुंडलला पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, बंगल्यात आलं. थंडीत माझ्यातलं ऊन पाणी अंगावर घेताना किती लेकरं खिदळली असतील! पुढं प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या, गीझर आला. मग चर्चची झाडलोट करणाऱ्या रेश्माबाईंनी मला परड्यात नेलं. आठ वर्षं कोंबड्या माझ्यातलं पाणी प्यायल्या. कोंबडा तर माझ्या काठावर उभा राहूनच बांग द्यायचा.

त्याच काळात मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, वाकडं आलं. आप्पासो गुरुजी आणि दादासो हे मंडळीचा कारभार बघणारे दोन पंच. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, दादासो ऊस पिकवणारे शेतकरी. गुरुजींनी लिहिलेल्या चर्चच्या वर्धापनदिनाच्या पत्रिकेत दादासोंचं नावच नव्हतं. झालं! दादासोंनी निम्मी माणसं घेऊन आपल्या अंगणात वेगळी उपासना सुरू केली. चाळीस घरांची मंडळी, पण दोन वर्षं लोक एकमेकांच्या बारशालाही जाईनात.

मग शमुवेल नावाचे तरुण पाळक आले. त्यांनी दोन्हीकडे जाऊन सांगितलं, "पंचांची मनं जुळल्याशिवाय मी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला वाढणार नाही. आधी तीन दिवस आपण एकत्र उपास करू, प्रार्थना करू. सुरुवात माझ्यापासून."

हे ऐकून रेश्माबाई थेट दादासोंच्या दारात गेल्या. "ऐंशी वर्सं झाली मला. प्रभुभोजनाबिगर मातीत घालनार हायसा व्हय?"

दादासोंनी मान खाली घातली. "येतो, आत्ती," म्हणाले.

दोन्ही पंच प्रार्थनेला आले, बसले, पण एकाचं तोंड पूर्वेला, तर दुसऱ्याचं पश्चिमेला. तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी पाळकांना पंचांचे पाय धुवायला मोठं भांडं हवं झालं. रेश्माबाईंनी कोंबड्या हाकलल्या आणि चिंच-मीठ लावून मला घासलं. आठ वर्षांनी मी लखलखलं!

प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तो भाग पाळकांनी वाचला. मग कमरेला टॉवेल बांधून त्यांनी गुरुजींपुढं गुडघे टेकले. गुरुजींनी पाय ओढून घेतले.

"न्हाई, पाळकसाहेब. माझा गुन्हा तुमच्याशी न्हाई." आणि खाली बघतच ते बोलले, "दादासो, तुझं नाव चुकून ऱ्हायलं नव्हतं. मीच गाळलं. लोक तुला लय मानत्यात, ते मला खुपत होतं."

दादासो उठले. मला वाटलं, हे आता दाराकडं जाणार. पण त्यांनी पाळकांकडून टॉवेल मागून घेतला.

"मला ठाऊक होतं, गुरुजी. पर मी तरी काय केलं? एका नावापायी मंडळी फोडली." आणि ते गुरुजींच्या पायाशी बसले.

उसाच्या पाचटानं खरखरीत झालेले ते हात तळव्याला लागले मात्र, गुरुजींना गुदगुल्या झाल्या! ज्यांच्या नुसत्या नजरेनं अख्खी शाळा गप्प व्हायची, ते गुरुजी "आरं सोड, सोड गड्या!" म्हणत खो-खो हसू लागले. दादासोंना चेव आला. त्यांनी दुसरा पाय धरला. पाणी उडालं, पाळक भिजले, रेश्माबाईंनी पदर तोंडाला लावला. हसता हसता दोघांचे डोळे कधी वाहू लागले, कुणाला कळलंच नाही. मग गुरुजी खाली बसले आणि त्यांनी दादासोंचे पाय धुतले. सावकाश, भेगांतली माती काढत.

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्रभुभोजनाचा प्याला पुढं आला आणि पुन्हा अडलं. गुरुजी म्हणत, "तू घे," दादासो म्हणत, "आदी तुमी." शेवटी रेश्माबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, मीच घेते!"

आता नवा पंच नेमायचा असला की आधी तीन दिवस प्रार्थना होते आणि मला बाहेर काढतात. मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. मला अधूनमधून चिंच लावा, नाहीतर मी काळं पडतं. आणि उद्या तुम्ही कुठं पुढारी झालात, तर ज्याच्याशी बोलणं तुटलं असेल त्याला आधी घरी बोलवा, त्याचे पाय धुवा. पाणी मात्र कोमट घ्या. गार असलं की मोठी माणसं फार कुरकुरतात!