भिंतीवरचे भावजी

"गोठ्यात शिरायचं ते पाय धुऊन. घाई असो, पाहुणा असो, नाहीतर खुद्द सरकार येवो." सासूबाईंनी शेवटच्या घटकेला मला एवढंच सांगितलं. दागिन्यांचं काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून तो माझा नेम झाला. जप राहिला तर संध्याकाळी भरून काढते. पाय धुणं कधी राहू दिलं नाही.

यावर सगळ्यांत जास्त हसली ती माझी धाकटी जाऊ. आमचे गोठे शेजारी, मधे छातीएवढी भिंत. "ताई, गाय बांधलीय की नवी नवरी?" ती पलीकडून विचारायची. मी पाय धूत राहायचे. माझा आवाज मुळात इतका बारीक, की गाईलासुद्धा दोनदा हाक मारावी लागते.

मग गावात लाळ-खुरकूत आली. जनावरांच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबल्या, खुरं चिघळली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "प्रत्येक गोठ्याच्या दारात औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवा. पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही." झालं. अख्खं गाव बगळ्यासारखं एका पायावर. पोस्टमन तर घमेल्यात बसलाच.

माझी गाय धड राहिली, जावेच्या गाईला लागण झाली. डॉक्टरांनी जावेला बजावलं, "हिचं दूध डेअरीला नाही, घरातही नाही. खड्ड्यात ओता, वर चुना टाका. आणि वासराला पाजू नका, दगावेल."

वासरू जेमतेम उभं राहायला शिकलेलं. दिवसभर हंबरत होतं. जाऊ पिठाचं पाणी पाजायला बघे, ते तोंड फिरवी. माझ्याकडं मागणार कशी? ती नवी नवरी आडवी आली ना. शेवटी मीच भिंतीपाशी जाऊन म्हटलं, "दूध मी देते." तिला ऐकूच गेलं नाही.

ऐकलं ते तिच्या नवऱ्यानं, माझ्या दिरानं. देवमाणूस, पण डोक्याआधी पाय चालतात. "आलोच वहिनी," म्हणत चरवी घेऊन, शेणानं बरबटलेल्या पायांनी ते थेट भिंतीवर चढले. एक पाय माझ्या बाजूला पडणार, तोच—

"भावजी, पाय वर!"

मला वाटलं, दुसरंच कुणी ओरडलं. समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. भावजी घोड्यावर बसावं तसे भिंतीवर, एक पाय हवेत.

"खाली ठेवू?"

"नको."

"मग पलीकडं घेऊ?"

"घ्या."

"वळता येईना."

जाऊ बाहेर आली. आधी नवऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मटकन पायरीवर बसून हसत सुटली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, आणि पदर तिथंच राहिला.

"ताई, वाचेल का हो ते?"

"तुझं पातेलं भिंतीवर ठेव. मी वरून ओतीन, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. सकाळ-संध्याकाळ. ते प्यायल्याशिवाय मी घास घेणार नाही."

"आणि माझं काय?" भिंतीवरून भावजी म्हणाले.

"तुम्ही तसेच बसा," जाऊ म्हणाली. "शोभताय."

सकाळी धार काढून मी बाहेर आले. भिंतीवर पातेलं होतं, घासून लख्ख. भावजी बसले होते तेवढ्या भिंतीला जाड चुना फासलेला. आणि पलीकडच्या गोठ्याच्या दारात जाऊ, दोन्ही पाय घमेल्यात बुडवून, शहाण्या मुलीसारखी उभी. कधीपासून, कोण जाणे.

मी पदर खोचला, चरवी उचलली आणि हळूच भिंतीकडं निघाले.