सांभाळायला दिलेला हात

भिकाजी चिताऱ्याने आपला उजवा हात मनगटापासून सोडवला आणि कॅसिनोच्या दाराशी, चपला ठेवायच्या खिडकीवर ठेवला. खिडकीतल्या माणसाने तो फडक्यात गुंडाळून फळीवर टाकला आणि पितळी बिल्ला दिला. नंबर एकशे सतरा. दुखलं-बिखलं काही नाही.

हा शहाणपणा त्याचा स्वतःचाच होता बरं का! बायकोने, शालनने, शपथ घातली होती, जुगार बंद म्हणजे बंद. पण गणपतीचे रंग आणायला सावंतवाडीहून पणजीला आला, की पाय नदीतल्या त्या कॅसिनोच्या बोटीकडे वळायचेच. मग त्याने युक्ती काढली. डाव्या हाताने लक्ष्मी टाकायची त्याच्या सात पिढ्यांत कुणाची छाती झाली नव्हती. उजवा बाहेर ठेवला की मिटलं. आत बसायचं, फुकटचा चहा प्यायचा, गंमत बघायची.

चहा अर्धा झाला, तेवढ्यात तिसऱ्या टेबलावर त्याला आपला हात दिसला. नखात तोच निळा रंग, बोटावर कुंचल्याचा तोच घट्टा. हात एकटाच खुर्चीवर बसून खेळत होता, पैशांऐवजी आपली कला लावत होता आणि हरत होता. पहिल्या डावात सोंडेचं वळण गेलं. दुसऱ्यात मुकुटाची नक्षी. आता उरली होती फक्त डोळ्यांची आखणी. चतुर्थी आठ दिवसांवर, आणि घरी चौतीस मूर्ती डोळ्यांवाचून बसलेल्या!

भिकाजी धावत खिडकीपाशी गेला. तिथे मॅनेजरबाई उभी होती.

"हात तुमचाच ना, दादा?"

"माझाच. पण तुमच्याकडे सांभाळायला दिला होता."

"सांभाळलाच की. बाहेर उकडत होतं, म्हणून आत घेतला."

"मग खेळायला कुणी बसवलं?"

"खुर्ची आम्ही दिली. बसला तो."

बाई जरा जास्तच गोड बोलत होती. बिल्ला देताना तो खिडकीतला माणूसही हसला होता, मेला. आणि चहा फुकट का? सगळ्या बोटीवर एक घड्याळ नाही, ते का? भिकाजीला एकेक आठवत गेलं. एक गोष्ट मात्र त्याने मनातून झटकून टाकली. फडक्यात गुंडाळताना त्या हाताची बोटं आतल्या दाराकडे वळली होती, आणि ते त्याने पाहिलं होतं.

त्याने फोन केला. सावंतवाडीहून शालन पाच मिनिटांत आली, कशी कोण जाणे. कडेवर बिनडोळ्यांची एक मूर्ती.

"माका ठावक होतां," ती म्हणाली. मग बाईवर उखडली, "माणूस हरताना दिसतो, तर अडवत नाही तुम्ही? लाज कशी वाटत नाही!"

"प्रत्येकाला एकदा विचारतो आम्ही, थांबायचं का म्हणून. त्यालाही विचारलं. हात बोलत नाही, वहिनी."

"मग आत्ता विचारा, दोष कुणाचा. आमच्यासमोर."

तबकात घालून हात आणला. बाईने विचारलं. हाताने तर्जनी उचलली आणि सरळ भिकाजीकडे रोखली. तबक बाईने त्याच क्षणी किंचित फिरवलं होतं की काय, ते नवराबायकोपैकी कुणालाच नीट दिसलं नाही.

"एक डाव बाकी आहे," बाई म्हणाली. "डोळ्यांचा. जिंकलात तर सोंड, मुकुट, सगळं परत."

"मी खेळणार नाही," भिकाजी म्हणाला. तो रडायच्या बेतात होता. "शालन, डावा तरी धर माझा. काही झालं तरी सोडू नकोस."

शालनने मूर्ती खिडकीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी त्याचा डावा हात घट्ट धरला.

"सोडूचंय नाय," ती म्हणाली.

आणि तिने खरंच सोडला नाही. छातीशी धरून ठेवला, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. हात गरम होता, शहाण्यासारखा गप्प होता. जरा हलका लागला, म्हणून तिने डोळे उघडले.

भिकाजी चार पावलं पुढे, आतल्या दाराशी उभा होता. दोन्ही बाह्यांची टोकं रिकामी लोंबत होती, आणि तो तिसऱ्या टेबलाकडे बघत पायानेच पायातल्या चपला काढत होता.