पिवळ्या रंगाखाली

मी एक जुना शॉक ॲब्सॉर्बर आहे. गॅरेजवाले मला शॉकअप म्हणतात. माझ्या खोक्यावर मात्र ‘नवा कोरा’ असे छापले आहे, आणि ते आठवले की मला माझीच शिसारी येते.

मित्रांनो, एका बुटक्या, दोन दारांच्या स्पोर्ट्स कारच्या मागच्या डाव्या चाकापाशी मी उभा जन्म काढला. खड्डा आला की स्प्रिंग उड्या मारायची. माझ्या पोटातले तेल तिला आवरायचे आणि चाक रस्ता सोडायचे नाही. लोक इंजिनाचा आवाज ऐकून वाहवा करत, गाडीच्या रंगावरून हात फिरवत. खाली वाकून माझी चौकशी कुणी केली नाही. त्याचे वाईट वाटले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पण काम चोख होते. पुढे माझे सील झिजले, तेल पाझरू लागले, वळणावर गाडी मागून डुलू लागली. मालकाने त्याच दिवसांत गाणी ऐकायला नवे स्पीकर बसवले.

शेवटी मला काढले. भंगारात जाऊन वितळायची माझी तयारी होती. पण एका दुकानदाराने मला उचलले. अंगाला भोक पाडले, कुठल्याशा इंजिनातले काळे, जळके, दाट तेल आत ओतले, भोक बुजवले आणि वर झगझगीत पिवळा रंग फासला. जुनी घाण पुसायचीही तसदी घेतली नाही. चिखलावरच रंग!

एके दुपारी एक बाई आपल्या आईला घेऊन दुकानात आली. आईच्या कपाळावर ताजी पट्टी होती. आठवड्यापूर्वी ओल्या वळणावर त्यांची जुनी स्पोर्ट्स कार मागून घसरली, गर्रकन फिरली आणि आईचे डोके काचेवर आपटले. उद्या त्याच गाडीने दोघी डोंगरापलीकडे, आईच्या धाकट्या मुलीच्या बाळंतपणाला निघणार होत्या. म्हणून मागचे दोन्ही शॉकअप आजच निवडायचे होते.

दुकानदाराने दोन जोड्या मांडल्या. एक काळी, साधी, खरोखरच नवी. दुसरीत मी आणि माझ्यासारखाच रंगवलेला एक म्हातारा.

“दाबून बघा ताई,” तो म्हणाला. “हातालाच कळेल.”

लेकीने काळ्याचा दांडा दाबला. तो शांतपणे आत गेला, शांतपणे वर आला. मग तिने मला दाबले. दाट तेलामुळे माझा दांडा जागचा हलेना.

“बापरे, हा केवढा कडक आहे!” तिचे डोळे चमकले. “आई, हाच घेऊ या. तो काळा अगदीच मऊ लागतोय.”

“रेसवाले हाच नेतात,” दुकानदार तोंड वर करून म्हणाला.

मला किळस आली. त्याच्या खोटेपणाची, माझ्या पिवळेपणाची आणि खरे सांगायचे तर त्या लेकीचीही. कडक तेवढे चांगले, हे हिला शिकवले कुणी? उद्या चढावर माझे तेल तापून पातळ होणार, सीलमधून गळून जाणार, आणि ते कपाळ पुन्हा काचेवर आदळणार. पण ओरडायला मला तोंड नाही.

आईला पर्स ठेवायला काउंटरवर जागा हवी होती. तिने मला बाजूला सरकवले, तसे तिच्या बोटांना काहीतरी चिकट लागले. तिने बोटे नाकाशी नेली आणि तोंड वेडेवाकडे केले.

“शी! काय गं हे? जळकं तेल आहे!”

“काकू, पॅकिंगचं ग्रीस असतं ते.”

“मला सांगता? तेल किती वेळा तापलंय ते मी वासावरून ओळखते.”

लेकीने नखाने रंग खरवडला. खाली माझा गंज दिसला. तिचा चेहरा उतरला. “आणि आई, मी हे तुझ्या सीटमागे बसवणार होते,” ती म्हणाली आणि तिने काळी जोडी उचलली.

मित्रांनो, मला हायसे वाटले. पण ते क्षणभरच. दारापाशी लेक थबकली. “अगं, पण तो हे दुसऱ्या कुणाला तरी विकेल.”

आईने तिचा दंड धरला. “चल गं. आपलं काम झालं ना? कशाला वाद घालतेस?”

दोघी निघून गेल्या. त्यांचाही मला वीट आला.

दुकानदाराने मला फडक्याने पुसले, खरवडलेल्या जागी रंग मारला आणि वास लपवायला गाडीत टांगायचा एक सुगंधी कागद खोक्यात टाकला. तेव्हापासून माझ्या अंगाला लिंबाचा वास येतो.

मित्रांनो, तुमचे वाहन जे भाग मुकाट्याने सांभाळतात, त्यांच्याकडे अधूनमधून वाकून पाहा. झिजलेल्याला झिजलेला म्हणूनच मोडीत जाऊ द्या, आणि तो कुणाच्या हाती पडतो तेही बघा. मी अजून दुकानात आहे. कुणीतरी येईल, मला दाबून पाहील आणि खूश होईल. त्याच्याही गाडीत कुणाची तरी आई बसत असेल. हात जोडता आले असते तर जोडून सांगितले असते, मला विकत घेऊ नका.