साक्षीनंतरची लावणी

रत्नाचं खाचर चिखलणी होऊन तयार पडलं होतं. तरव्याच्या वाफ्यातली रोपं पिवळी पडायला लागली होती आणि बांधावर एक माणूस फिरकत नव्हतं. हिर्डोशीच्या या डोंगरात भाताची लावणी कुणी एकट्यानं करत नाही. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या, अशी इर्जिक चालते. लग्न होऊन आल्यापासून रत्ना गावातल्या प्रत्येकाच्या चिखलात वाकली होती. यंदा तिच्याकडं मात्र कुणी येईना.

शेवटी ती गेनबाच्या दारात गेली. गेनबाच्या पोराला, माऊलीला, रत्नाच्याच नवऱ्यानं, धनाजीनं, बांध कोरल्याच्या भांडणात कोयत्यानं तोडलं होतं. मारताना कुणी पाहिलं नव्हतं. धनाजीला रक्ताचा कोयता धुताना पाहिलं होतं ते एकट्या रत्नानं. तेव्हा हाच गेनबा तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला होता. "पोरी, खरं बोल. तुझं खाचर गाव लावंल, गाव कापंल," म्हणाला होता. रत्नानं पुण्याच्या कोर्टात नवऱ्याच्या डोळ्यांदेखत सगळं सांगितलं. धनाजीला जन्मठेप झाली आणि गेनबानं एसटीतनं उतरल्या उतरल्या गावभर पेढे वाटले.

"मामा, रोपं हातची चालली. उद्या बायका धाडा," रत्ना म्हणाली.

गेनबा तंबाखू मळत राहिला. "कशापायी?"

"तुमीच शबुद दिला व्हता."

"दिला व्हता. तवा साक्ष पायजे व्हती."

"म्या माझ्या हातानं माझा संसार मोडला, मामा. तुमच्या शब्दावर."

"तुझा दादला जित्ता हाय गं! जेलात का हुईना, दोन टायमाला जेवतोय. माझा माऊली कुठं हाय?" म्हाताऱ्यानं चिमूट दाढेखाली धरली. "आन् जी बाई आपल्या नवऱ्याची झाली न्हाई, ती गावाची कवा व्हनार? तुझ्या चिखलात कुनी पाय घालायचा न्हाई, म्याच सांगून ठिवलंय."

काम सरलं की माणूस कसा पालटतो बघा! खरं बोल म्हणून पाय धरणारा हा, आणि खरं बोलली म्हणून वाळीत टाकणाराही हाच. त्याच्या तोंडावर थुंकावं असं रत्नाच्या मनात आलं होतं. पण थुंकून भात लागत नाही, म्हणून ती गप घरी आली.

दुसऱ्या दिवशी पावसाची झड लागली होती. डोक्यावर इरलं घेऊन रत्ना एकटीच खाचरात उतरली. पोटरीएवढ्या चिखलात वाकून मूठ मूठ रोपं लावत मागं सरकायला लागली. दुपारपर्यंत कंबर मोडायची वेळ आली. तेवढ्यात बांधावरून सासू उतरताना दिसली. निकाल लागल्यापासून धोंडाबाई सुनेशी एक अक्षर बोलली नव्हती. भाकरी मात्र तिच्याच हातची खात होती. आता ती लुगडं खोचून सरळ चिखलात शिरली. रत्नाचा जीव भांड्यात पडला. काही झालं तरी घरचं माणूस, असं तिला वाटलं आणि डोळ्यांना पाणी आलं.

दोन ओळी पुऱ्या करून तिनं मान वर केली. म्हातारी वाकून लावलेली रोपं उपटत होती आणि चिखलात तुडवत होती.

"आत्या! आवं काय करताय?"

"माझ्या ल्योकाच्या रानात त्याच्या वैरिनीनं पिकवायचं न्हाई," धोंडाबाई म्हणाली. आवाज चढलासुद्धा नाही. हात चालूच होते.

रत्ना बघत उभी राहिली. धक्का मारला असता तर म्हातारी तिथंच आडवी झाली असती. वरच्या बांधावर गावातल्या बायका इरली घेऊन मजा बघायला थांबल्या होत्या. त्यातली एकही खाली उतरली नाही.

"उपटा आत्या, दमस्तवर उपटा," रत्ना म्हणाली. "तरी सांच्याला भाकर मलाच घालायची हाय तुमाला."

म्हातारी उपटतच राहिली. रत्नानं तुडवलेल्यातली धड रोपं वेचून घेतली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून लावायला लागली.