दोन तोंडांचा कार्बोरेटर

शेवटचा बोल्ट काही केल्या सुटेना. मिस्त्रीने त्यावर तेल सोडलं, जरा वेळ थांबला, मग पान्याला पाइप जोडून अंगाचं सगळं वजन त्यावर टाकलं. कटकन आवाज झाला. बोल्ट मोडला नव्हता, सुटला होता. इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांचा तो बिडाचा जड मॅनिफोल्ड त्याने पोटाशी धरून उचलला, बाकावर ठेवला आणि फडक्याने पुसला. खालच्या अंगाला बोटभर लांबीची चीर होती.

"ताई, सापडलं बघ."

शेडच्या दुसऱ्या टोकाला त्याची थोरली बहीण मधमाश्यांच्या पेट्यांमधल्या चौकटी खरवडत बसली होती. पदराला हात पुसत ती आली आणि वाकून पाहू लागली.

"इथून हवा ओढतंय. म्हणून चढावर दम तोडत होती गाडी. कार्बोरेटरसुद्धा पार झिजलाय. दोन्ही बदलायला लागतील."

"मग बदल की."

"त्यात प्रकार असतात. कुठला टाकू?"

"ते तू ठरव बाबा. मला काय कळतंय त्यातलं," ताई म्हणाली आणि पुन्हा चौकटींकडे गेली.

ट्रक तिचा होता. जुना, पेट्रोलवर चालणारा, आठ सिलिंडरचा. मध विकायचं काम भाऊजी करत. माश्या आणि ट्रक ही दोन खाती मात्र ताईची. दरवर्षी पठारावरची मोहरी फुलली की ती पेट्या ट्रकवर चढवून घाटाने वर नेई. मागच्या वर्षी गाडी ऐन चढावर बंद पडली. ऊन चढलं, दारं बंद केलेल्या पेट्या आतून तापल्या आणि अर्ध्याअधिक माश्या गुदमरून मेल्या. त्यानंतर पुष्कळ दिवस ताई शेडकडे फिरकली नव्हती. यंदा वरच्या शेतकऱ्याचा निरोप आला होता, की फुलं उघडायला लागली आहेत. मोहरी काही कुणासाठी थांबत नाही.

मिस्त्रीचं म्हणाल तर त्याने उभा जन्म इंजिनं बांधण्यात घालवला होता. शर्यतीच्या गाड्यावालेसुद्धा त्याच्या दारात ताटकळत. मग गुडघे गेले. डॉक्टरांनी फार वेळ उभं राहायला बंदी केली, वर्कशॉप दुसऱ्याला द्यावं लागलं आणि तो ताईच्या घरामागच्या खोलीत येऊन राहिला. एकच पेपर सकाळी वाचायचा, दुपारी परत वाचायचा. वर्कशॉप गेल्यापासून त्याला कुणी साध्या नटबोल्टबद्दलही विचारलं नव्हतं. ट्रकचं बॉनेट उघड, असं ताईने म्हटलं तेव्हा तो पायात चपला न घालताच शेडमध्ये आला होता.

दुसऱ्या दिवशी तो जुन्या पार्टच्या दुकानात गेला. दुकानदाराला सगळे मामा म्हणत. मामांनी दोन जोड्या फळीवर काढून ठेवल्या.

एक होता बिडाचा, बसका मॅनिफोल्ड आणि त्यावर बसणारा दोन तोंडांचा लहान कार्बोरेटर. ट्रकवर आधी होता तसाच, थोडक्यात बैलगाडीचा स्वभाव. दुसरा होता ॲल्युमिनियमचा, उंच मानेचा मॅनिफोल्ड. त्याच्या नळ्या आतून इतक्या गुळगुळीत होत्या, की मिस्त्रीने बोट घातलं ते काढायचंच विसरला. त्यावर चार तोंडांचा कार्बोरेटर.

"हा घेतो," तो म्हणाला.

"ट्रकसाठीच ना?" मामांनी विचारलं.

"ट्रकसाठीच. का?"

मामांनी तोंड उघडलं, मिटलं आणि ते सुतळी शोधायला लागले.

जोडणी करताना मिस्त्रीला गुडघ्यांची आठवणही झाली नाही. स्टुलावर बसून, उठून, बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरून त्याने सांध्यांत गॅस्केटच्या पातळ चकत्या बसवल्या, बोल्ट मधून कडेला अशा क्रमाने आवळले, कानाने ऐकत ऐकत हवेचा स्क्रू फिरवला. इंजिन सुरू झालं आणि शेडचे पत्रे थरथरले. ताई ओट्यावर येऊन उभी राहिली.

"छान आवाज आहे रे," ती म्हणाली. "उद्या पहाटे थोड्या पेट्या टाकून टेकडीपर्यंत जाऊन येऊ. तूच चालव."

पहाटे गार होतं. गाडी सुरू व्हायलाच कटकट झाली. उंच मॅनिफोल्ड लवकर तापेना, इंजिन खोकत राहिलं. रस्त्याला लागल्यावर मात्र सरळ पट्ट्यात गाडी अशी सुटली, की मिस्त्रीला आपलं हसू दाबावं लागलं. मग टेकडीचा चढ आला. त्याने वेग कमी केला, वळण घेतलं आणि पुन्हा पाय दाबला. क्षणभर इंजिनात जीवच नव्हता. मग एकदम भरून आलं आणि गाडीने उसळी घेतली. मागे पेट्या एकमेकींवर आदळल्या. पुढच्या वळणावर तेच. त्याच्या पुढच्याही.

टेकडीवर गाडी थांबवून तो मागे गेला आणि एका पेटीला कान लावला. आतला आवाज त्याला ओळखीचा नव्हता, पण तो रागाचा आहे हे कळायला मधमाशीवाला असायची गरज नव्हती. सगळी पेटी हाताखाली थरथरत होती.

ताईने तळवा पेटीवर ठेवला. "उकडत असेल त्यांना," ती म्हणाली.

त्या गारठ्यात कुणाला उकडणार होतं? मिस्त्री जाऊन स्टिअरिंगवर बसला. उतारावर त्याने गाडी इतकी हळू आणली, की एक सायकलवाला मागे वळून बघत पुढे गेला.

घरी आल्यावर चहासुद्धा न पिता त्याने पाना हातात घेतला. सगळं खोलायचं जिवावर आलं होतं. सरळ रस्त्यावर हवेचा लोंढा आत घेणारा तो कार्बोरेटर सावकाश चालणाऱ्या गाडीला उपाशी ठेवत होता, हे त्याला फळीसमोर उभं असतानाच कळायला हवं होतं. कळलंही होतं बहुतेक. हात शिवशिवत होते, म्हणून त्याने तिकडे कानाडोळा केला होता. त्याने चकचकीत मॅनिफोल्ड कापडात गुंडाळला आणि मामांचं दुकान गाठलं.

"मामा, तो बिडाचा आहे का अजून?"

मामा आत गेले आणि बांधून ठेवलेलं खोकं घेऊन आले. वर गॅस्केटही होते.

"बांधून का ठेवलंय?"

मामा गल्ल्याच्या काचेवरची धूळ पुसायला लागले.

"मामा."

"अहो, सांगू नका म्हणाल्या होत्या. पण माझ्या पोटात काही राहत नाही. तुम्ही पहिल्यांदा आलात ना, त्याच्या आदल्या संध्याकाळी ताई येऊन गेल्या. म्हणाल्या, गाडीवर होता तसा दोन तोंडांचा बाजूला काढून ठेवा. माझा भाऊ आधी मोठा नेईल, नेऊ द्या. मग हा न्यायला येईल."

मिस्त्री दुकानाबाहेरच्या पायरीवर बसला. आपली एवढी थट्टा? घरी जाऊन सरळ विचारावं. काय काय बोलायचं तेही त्याने मनात जुळवलं. मग त्याला टेकडीवरचा तिचा चेहरा आठवला. मागच्या वर्षी इतक्या माश्या गेल्या, तरी या वर्षी तिने पेट्या चढवून त्याच्या हाती स्टिअरिंग दिलं होतं. आणि माश्या खवळल्यावर म्हणाली काय, तर उकडत असेल.

"पाणी देऊ का?" आतून मामांनी विचारलं.

"नको," मिस्त्री म्हणाला. "मी तुम्हाला काही विचारलं नाही आणि तुम्ही मला काही सांगितलं नाही. काय?"

"मी कुठे काय बोललो?" मामा म्हणाले.

नवी जोडी बसायला वेळ लागला नाही. बिडाचा मॅनिफोल्ड आपल्या जागेवर असा बसला, जणू माहेरी आला. मिस्त्रीने मात्र घाई केली नाही. थंड इंजिन सुरू करून पाहिलं, बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पाय हलकेच ठेवला तरी इंजिन लगेच ओ द्यायला लागलं, तेव्हा कुठे त्याने बॉनेट लावलं.

सगळ्या पेट्या घेऊन ते घाट चढले त्या पहाटे ताई चालवत होती. मिस्त्री शेजारी बसून ऐकत होता, एक कान इंजिनाकडे, एक मागे. वळणं आली आणि गेली. जिथे मागच्या वर्षी गाडी थांबली होती ती जागा आली. ताईची बोटं स्टिअरिंगवर घट्ट झाली. इंजिनाचा सूर तसाच राहिला. ती जागा मागे पडली. ताईने खिडकीची काच थोडी खाली केली. मागे पेट्यांमध्ये झोपेतल्या माणसाने हुंकार द्यावा इतकाच आवाज होता.

वर मोहरी जिथवर नजर जाईल तिथवर पिवळी झाली होती. दोघांनी पेट्या बांधावर मांडल्या. ताईने एकेक दार उघडलं. माश्या जरा घुटमळल्या, घिरट्या घालून जागा ओळखून घेतली आणि फुलांकडे निघाल्या.

"तो मोठा का काढलास रे?" पाठमोरी असतानाच ताईने विचारलं. "पळत छान होती गाडी."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. ती शेवटच्या पेटीचं झाकण सारखं करत होती. झाकण सारखंच होतं.

"चढाला बरोबर नव्हता," तो म्हणाला.

"असं होय? मला काय कळतंय त्यातलं."

"हो ना. तुला कुठून कळणार?"

तेवढ्यात शेतकरी बांधावरून हात करत आला. त्याचा पाण्याचा पंप सुरू होत नव्हता; सुरू झाला तर दोन गचके देऊन बंद पडत होता.

"दुरुस्तीवाला काही इकडे यायला तयार नाही," तो म्हणाला. "ताई म्हणाल्या होत्या, तुम्ही बघाल."

"बघतो," मिस्त्री म्हणाला आणि मग थांबला. "पण आज सामान नाही आणलं. पाने सगळे शेडमध्येच राहिलेत."

"सीटमागे बघ बरं," ताई पेट्यांकडे बघतच म्हणाली.

त्याने ट्रकचं दार उघडलं. सीटमागे जुन्या पोत्याखाली त्याची हत्यारांची पेटी होती. पाने मापाने लावलेले होते, पक्कड पुसलेली होती आणि वरती एक धुतलेलं फडकं घडी करून ठेवलं होतं. मिस्त्रीने फडकं खांद्यावर टाकलं, पेटी उचलली आणि शेतकऱ्याच्या मागोमाग पंपाकडे निघाला.

"आधी सांगा," तो चालता चालता विचारू लागला, "गचका देतो तो थंड असताना, की तापल्यावर?"