सोवळ्यातलं औषध

माझं हिमोग्लोबिन सात होतं आणि सासूबाईंच्या मते तो दोष माझ्या माहेराचा होता. "कळमेश्वरच्या लोकांनी पोरीले काही खाऊच घातलं नाही," असं त्या येईल त्याला माझ्यासमोर सांगायच्या. दोन वर्षं लोहाच्या गोळ्या गिळल्या. बीट झालं, खजूर झाले. रक्त जागचं हललं नाही आणि भूक तर मेलीच होती. रक्त दहाच्या वर गेल्याशिवाय मुलाचा विचार करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला मूल हवं होतं.

शेवटी डॉ. माया यांनी दुर्बिणीतून जठर तपासलं. "जंतू आहेत. जेवणातलं लोह रक्तात जाऊ देत नाहीत, भूक लावणारं हार्मोनही कमी करतात. चौदा दिवसांचा कोर्स आहे. एकही डोस चुकवायचा नाही."

सहाव्या दिवशी घरी महालक्ष्म्या आल्या. सासूबाई सोवळ्यात होत्या. माझ्या हातातली कॅप्सूल पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय वं, हे वरचं टरफल हाडाचं असते म्हणे! महालक्ष्म्यांच्या घरात हाडं गिळून राहिली तू?"

"डॉक्टरांनी दिलंय, आई."

"औषध आत असते, टरफलात नाही."

सोवळं सोडल्यावर उरलेल्या सगळ्या कॅप्सूल त्यांनी फोडल्या, आतले दाणे खलात कुटले आणि पुड्या बांधल्या. मधातून घे म्हणाल्या. माझा नवरा केयूर म्हणाला, "औषध तर तेच आहे ना." घर पाहुण्यांनी भरलेलं. मी भांडले नाही, मुकाट्यानं पुड्या घेतल्या. माझीही अक्कल गहाण पडली होती.

दीड महिन्यानं श्वासाची तपासणी झाली. जंतू होते तसेच. पुड्यांचं ऐकून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जठरातल्या आम्लानं औषध मरू नये म्हणून त्या दाण्यांवर लेप असतो. कुटल्यावर राहिलं काय? अर्धवट औषधाला जंतू सरावले असतील, आता आधीची औषधं कदाचित चालणारच नाहीत." रक्त साडेसहावर आलं होतं.

घरी येऊन हे सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "औषधच बोगस असेल. मी देवाचं सांभाळलं, त्यात वाईट कसं होईल?"

"देवाचं सांभाळलंत आणि माझं वाटोळं केलंत," मी ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला आणि मला फार बरं वाटलं.

"नूपुर, तिनं भल्यासाठीच केलं ना? काहून इतकी चिडून राहिली?" केयूर म्हणाला.

"नवा कोर्स मी कळमेश्वरला घेणार."

"लोक काय म्हणतील?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणू द्या. सून जीव वाचवायला माहेरी गेली म्हणतील."

मी बॅग भरली. केयूर आईच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला, बॅगेला हातसुद्धा लावला नाही. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना मी तीनदा पायरीवर बसले. छाती धडधडत होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. वरून कोणी हाक मारली नाही. मारली असती तर मी परत वर गेले असते, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि सासूबाईंचा आला नव्हता इतका राग मला स्वतःचा आला.