खडकाणचा बांध

माझ्या देशात मंत्र्यानं भाषण करताना हातात दगड धरायचा असतो. दगड खाली ठेवला की भाषण संपलं. हा कायदा मी अठराव्या वर्षी केला आणि तेव्हापासून खडकाणच्या दरबारात कुणीही चार मिनिटांच्या वर बोललेलं नाही. देश डोंगराळ, माणसं तुसडी, आणि राणी मी.

एरवी माझं चष्म्याचं दुकान आहे. आठवडाभर काचा घासायच्या, फ्रेमचे स्क्रू पिळायचे, नाक बारीक असलेल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. रविवारी सकाळी मात्र दुकानाच्या माळ्यावर परिषद भरते. एक लांब टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर आमच्या जगाचा नकाशा. मी खडकाणची. माझा धाकटा भाऊ मध्येरीचा, म्हणजे मधल्या सपाट देशाचा. समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर निवांत बेटाचे. त्यांच्या बेटावर निवडणुकीत हरणाऱ्याला राष्ट्राध्यक्ष व्हावं लागतं, त्यामुळे तिथे उमेदवार एकमेकांचा जोरदार प्रचार करतात.

हे जग मी आणि भावानं उभं केलं, तो सात वर्षांचा आणि मी बारा वर्षांची असताना. पायाला प्लास्टर घालून तो तीन महिने पलंगावर पडून होता आणि त्याला रमवायचं काम घरानं माझ्या गळ्यात मारलं होतं. या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासूनच्या सगळ्या वह्या, म्हणजे आमचं दप्तर, माझ्या कपाटात असतं. नियम साधा आहे. जे घडवायचं ते वहीत लिहायचं, परिषदेत मोठ्यानं वाचायचं, आणि कुणी हरकत घेतली नाही तर पेनाला टोपण लावायचं. टोपण लागलं की ते घडलं. खोडाखोड नाही, माघार नाही.

मागच्या वर्षी भावानं लग्न केलं आणि चौथी खुर्ची आली. भावजय टपाल कचेरीत पत्रं निवडून वेगळी करते. तिला समुद्रकाठची ओसाड पट्टी दिली, म्हटलं खेळू दे, नव्याचे नऊ दिवस. तिनं तिथे लाटवण नावाचा देश वसवला. लाटवणात दोन माणसांचं भांडण झालं की न्यायाधीश त्यांना महिनाभर एकमेकांच्या घरात राहायला पाठवतो. बहुतेक भांडणं आठवड्यात मिटतात, कारण दुसऱ्याचं गळकं छत आपल्या डोक्यावर येतं. हे ऐकून डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. असली थाप त्यांनी माझ्या दगडाच्या कायद्याला कधी मारली नव्हती.

पुढे तर कहरच झाला. डॉक्टरांनी लाटवणाशी मैत्रीचा करार केला. भावानं मध्येरीचं राष्ट्रगीत बदललं आणि त्याजागी लाटवणातल्या नावाड्यांचं गाणं घेतलं. जुनं राष्ट्रगीत मी लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात घासलेल्या तीन काचांना चरे पडले. खोटं कशाला बोलू? माझ्या पोटात दुखत होतं. ती हसली तरी दुखायचं आणि गप्प बसली तरी दुखायचं. भाऊ तिच्याकडे बघून वाक्य पूर्ण करायला लागला होता, आणि आधी तो ते माझ्याकडे बघून करायचा.

मग एका रविवारी भाऊ म्हणाला की दप्तर हिच्याकडे द्यावं. माळ्याखालच्या कपाटाला ओल येते, वह्यांना कसर लागते आहे, ही सगळ्याची सूची करते आहे. पुढच्या रविवारी मतदान घेऊ. हे सगळं त्यानं नखं बघत सांगितलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो माझ्या समोरच बसला होता, शांतपणे पेन्सिलीला टोक करत.

दप्तर गेलं असतं तर मी कोण उरले असते? रविवारी येऊन बसणारी एक मोठी बहीण, चहा करणारी. सबंध आठवडा मी मतं मोजली. डॉक्टर माझ्या बाजूचे होते, जुनं आहे तिथेच असावं असं त्यांचं सगळ्याच बाबतीत मत असतं. भाऊ आणि ती एका बाजूला. दोन विरुद्ध दोन झालं की आहे तसंच राहतं, म्हणजे मला घाबरायचं कारण नव्हतं. पण डॉक्टरांचा काय भरवसा? तिनं अजून एक न्यायाधीश काढला की गेले ते पलीकडे. मला तिचं मतच नको होतं.

आणि आमच्याकडे एक जुना नियम आहे की ज्या देशात पाणी नाही त्याला मत नाही. तहानलेल्याचं मत कुणीही विकत घेऊ शकतं, म्हणून भावानं आणि मीच तो केला होता. आमच्या जगात मोठी नदी एकच. ती माझ्या डोंगरांपासून भावजयीच्या किनाऱ्यापर्यंत जाते. मध्येरीत विहिरी आहेत आणि बेटावर झरे, खडकाणला आणि लाटवणाला मात्र नदीचंच पाणी. शनिवारी दुपारी दुकान बंद करून मी लिहायला बसले. खडकाणच्या राणीनं सरहद्दीवर बांध घातला. उंची साठ हात, दरवाजा एकही नाही, पाण्याचा थेंबही पलीकडे जाणार नाही. दगडांची आमच्या देशात काय कमी? फार वर्षांनी इतकं छान लिहून झालं.

रविवारी मी ते उभी राहून वाचलं. डॉक्टर चष्मा कपाळावर ढकलून ऐकत होते. भावाचा चेहरा पडला, पण त्यानं हरकत घेतली नाही. भावजय मान खाली घालून ऐकत होती. मी टोपण लावलं.

"म्हणजे लाटवण कोरडं पडलं," भाऊ म्हणाला. "हिचं मत गेलं. ताई, तू पण ना."

"टोपण लागलं ना, ताई?" भावजयीनं विचारलं.

मी म्हटलं, लागलं. तिनं मग पहिली वही ओढली, चौथं पान उघडलं आणि वही टेबलाच्या मधोमध ठेवली. पानावर भावानं सातव्या वर्षी काढलेला नकाशा होता. नदीवर त्यानं बाण काढले होते आणि सगळे बाण समुद्राकडून डोंगराकडे जात होते. खाली माझं बाराव्या वर्षीचं अक्षर होतं. तिनं वाचून दाखवलं: "आमच्या जगात नद्या समुद्रातून निघतात आणि डोंगराला भेटायला जातात. ज्याला हे पटत नाही त्याने या जगात राहू नये."

भिंतीवरचा नकाशा मीच नंतर केलेला, त्यावर बाण नाहीत. इतकी वर्षं नदीचा प्रश्नच निघाला नव्हता. आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या डोक्यात पाणी वरून खालीच वाहतं. पाणी येत होतं तिच्याकडून. मी साठ हात उंच बांध घालून माझाच देश कोरडा पाडला होता. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं ऐकलं होतं, मी तर तो मोजून, रचून, वाचून दाखवून पाडला.

डॉक्टरांना हसू आवरेना. मग माझा चेहरा बघून ते म्हणाले की मतदानाआधी चहा व्हावा.

मी कप घेऊन खाली आले. मागोमाग ती आली. दुकानाच्या मोरीत आम्ही दोघी कप विसळत उभ्या राहिलो.

"मी वाचत होते तेव्हाच सांगता आलं असतं तुला," मी म्हटलं.

"आलं असतं. मग तुम्ही तो परिच्छेद गाळला असता आणि दुसरं काहीतरी काढलं असतं." तिनं कप पालथा घातला. "मला दप्तर हवंय, ताई. मी ते पाच वेळा वाचलंय. राग येऊ दे तुम्हाला."

निदान खोटं बोलत नव्हती. राग आलाच होता, पण त्यातून मला एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना. ते पान तिला भावानं दाखवलं असणार, असं मी म्हटलं. मला ते ऐकायचं होतं. तेव्हा घरी आलेला आमचा एक मावसभाऊ त्या नकाशाला हसला होता, नदी कधी वर जाते का म्हणून. भाऊ प्लास्टर घातलेल्या पायानं पलंग आपटत रडत होता आणि मी त्या मावसभावासमोर तो कायदा लिहून त्याला खोलीबाहेर काढलं होतं. माझ्या आयुष्यात मी केलेली ती सगळ्यात चांगली गोष्ट होती. ती आम्हा बहीणभावांची होती.

तिनं पुढचा कप नळाखाली धरला.

"त्याला आठवत नाही," ती म्हणाली. "मी विचारलं होतं. तो म्हणाला, ताईला नदी उलटी हवी असेल, तिचं काहीतरी असायचं तेव्हा."

"आणि रडला होता ते?"

"ते मला पानावरून कळलं. बाणांवर पाण्याचे डाग आहेत आणि तुमचं अक्षर घाईचं आहे. दुसऱ्या कुठल्याच कायद्यात तुम्ही कुणाला जगाबाहेर काढलेलं नाही."

मी नळ बंद केला. वर्षभर मी जिच्यावर जळले तिला ते माहीत होतं आणि ज्याच्यासाठी जळले त्याच्याकडे त्यातलं काहीही नव्हतं. खरं सांगते, जळणं त्या क्षणीही थांबलं नाही. माझी गोष्ट तिच्याकडे असावी, त्याच्याकडे नसावी, याचाही मला हेवा वाटला. मग मी कोरडं फडकं घेतलं आणि कप पुसायला लागले.

वर गेल्यावर भावानं मतदान पुकारलं. दप्तर हिच्याकडे द्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा. त्यानं केला, तिनं केला. डॉक्टर हाताची घडी घालून माझ्याकडे आधारासाठी बघत बसले. दोन विरुद्ध एक. दप्तर गेलंच होतं.

मीही हात वर केला.

"ताई, तुझा देश कोरडा आहे," भाऊ म्हणाला. "तुला मत नाही."

"माहीत आहे. तू मोजू नकोस," मी म्हटलं. "तिला लिहून ठेवू दे. तिच्या लक्षात राहतं."